दृश्यकलेचे मूलघटक आणि रचनातत्त्वे : खानदेश परिसरातील उदाहरणांच्या आधारे

प्रस्तावना

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात दृश्यकलेवरील पाठ कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कवितेविषयी लिहिताना आपण 'लय', 'तोल', 'पोत', 'रचना', 'अवकाश', 'प्रतिमा' हे शब्द सहज वापरतो. यांपैकी बहुतेक शब्द आधी डोळ्यांच्या किंवा कानांच्या अनुभवातून आलेले आहेत. ज्याने एखाद्या चित्रातील तोल प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्याच्या हातून कवितेतील तोलाविषयीचे विधान बहुधा पोकळ निघते.

या विषयावरील उत्तरांत एक दोष वारंवार आढळतो. बिंदू, रेषा, आकार, घनरूप, रंग, छायाभेद, पोत, अवकाश ही मूलघटकांची यादी बिनचूक असते; तोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद, प्राधान्य, एकता ही तत्त्वांची यादीही पाठ असते; मात्र साऱ्या उत्तरात एकही चित्र नसते. म्हणून या पाठात आपण व्याख्यांपेक्षा पाहण्याला अधिक जागा देणार आहोत. उदाहरणेही शक्यतो जळगाव, धुळे आणि लगतच्या परिसरातील घेतली आहेत. युरोपातील चित्रसंग्रहालये आपल्यापासून दूर आहेत. अजिंठा मात्र जळगावहून एका दिवसात पाहून परत येता येते.

घटक आणि तत्त्व यांतील भेद

मूलघटक म्हणजे कलाकृती ज्यांनी घडते ती द्रव्ये, आणि तत्त्वे म्हणजे त्या द्रव्यांमधील संबंध. हा भेद प्रथम नीट समजून घ्या. रेषा एकटी दाखवता येते, लाल रंग एकटा दाखवता येतो. परंतु तोल एकटा दाखवता येत नाही. तोल असण्यासाठी किमान दोन गोष्टी लागतात आणि त्या एकमेकींकडे पाहाव्या लागतात. ठिपक्यांची रांगोळी आठवा. उंबऱ्यापुढे मांडलेले ठिपके हे बिंदू. त्यांना जोडणाऱ्या त्या रेषा. रेषांनी कोंडलेली जागा हा आकार. इथपर्यंत सारे घटक झाले. परंतु ठिपक्यांमधील समान अंतर, एकाच वळणाची पुनरावृत्ती आणि मध्यापासून चहूकडे सारखे पसरलेले वजन ही तत्त्वे आहेत. रांगोळी काढणाऱ्या स्त्रीला या संज्ञा ठाऊक नसतील, पण एक ठिपका चुकला तर तिला तो तत्काळ खुपतो. आपला अभ्यास त्या खुपण्याला नाव देण्याचा आहे.

रेषा : अजिंठा

अजिंठ्याच्या लेण्यांचे दोन कालखंड मानले जातात. क्रमांक ९ आणि १० ही चैत्यगृहे इसवी सनापूर्वीची, तर १, २, १६, १७ ही लेणी वाकाटक काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हटले जाते, ते बरोबर नाही. ओल्या चुन्यावर रंग भरण्याची ती पद्धत येथे नाही. खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग असा तेथील क्रम आहे.

लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणी बोधिसत्त्वापुढे उभे राहा. घाई करू नका; अंधाराला डोळे सरावू द्या. भुवईची रेषा पाहा. ती एका दमात ओढलेली आहे आणि वाटेत कोठे जाड, कोठे बारीक होत जाते. जेथे ती जाडावते तेथे हाडाचा उंचवटा जाणवतो, जेथे ती विरते तेथे त्वचा मऊ वाटते. याचा अर्थ असा की येथील रेषा केवळ कड दाखवत नाही, घनताही दाखवते. आता नजर खाली आणा. मान एका बाजूस, कंबर दुसऱ्या बाजूस, पुन्हा पाय पहिल्या बाजूस. याला त्रिभंग म्हणतात. संपूर्ण देह एका संथ वळणाने बांधलेला आहे आणि ते वळण हातातील कमळापाशी येऊन थांबते. रेषेतून लय कशी जन्मते, याचे याहून चांगले उदाहरण या पाठाच्या लेखकाला तरी ठाऊक नाही.

रेषेचे महत्त्व आणखी एका कारणाने लक्षात घ्यावे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा काम आरंभले. त्यांतील अनेक प्रतिकृतीही १८८५ च्या लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. दरम्यान मूळ भिंतींवरील रंगांचे पापुद्रे गळतच होते. आज काही भिंतींवर रंग गेला आहे आणि लाल गेरूची आरंभीची आखणी तेवढी उरली आहे. तरीही ती आकृती बसली आहे की दुःखाने वाकली आहे, हे ओळखता येते. रंग गेल्यावरही जे टिकते, ते रेषेचे काम होय.

रंग : दिसणारा आणि लावलेला

रंगाचे तीन गुण सांगितले जातात : रंगाची जात (तांबडा, पिवळा इत्यादी), त्याचा उजळपणा किंवा गडदपणा, आणि त्याची तीव्रता. प्राथमिक, दुय्यम, उष्ण, शीत ही वर्गवारी तुमच्यापैकी अनेकांनी शालेय रेखाकला परीक्षांच्या वेळी गिरवलेली असेल. ती येथे पुन्हा सांगत नाही.

अजिंठ्याची रंगपेटी लहान आहे. गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळीचा काळा, चुना वा पांढऱ्या मातीचा पांढरा, हिरवी माती. हे बहुतेक सारे रंग खनिज असून आसपासच्या प्रदेशात मिळण्यासारखे आहेत. अपवाद निळ्याचा. तो लाजवर्द या दगडापासून केलेला असून हा दगड अफगाणिस्तानातून येत असे. मातकट, उष्ण रंगांच्या गर्दीत हा परदेशी शीत रंग थोडाच लावला, तरी डोळा तिकडे आपोआप वळतो. विरोध आणि प्राधान्य ही दोन तत्त्वे येथे एका रंगाच्या काटकसरीतून साधली आहेत.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगा. आज लेण्यांत दिसणारा तपकिरी-पिवळसर सूर हा सर्वस्वी चित्रकाराचा नाही. चित्रे टिकावीत म्हणून त्यांच्यावर निरनिराळ्या काळी रोगण चढवले गेले. १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून गळते पापुद्रे पुन्हा चिकटवून घेतले; त्या वेळी वापरलेली लाख पुढे पिवळी आणि काळपट झाली. हेतू रक्षणाचा होता आणि चित्रांचा काही भाग त्यामुळे वाचलाही. पण रंग मात्र झाकोळला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हा थर काढण्याचे काम करावे लागले. म्हणून 'अजिंठ्याच्या चित्रकारांना मंद, उदास रंग प्रिय होते' असे विधान उत्तरपत्रिकेत लिहिण्यापूर्वी थांबा. जुन्या हस्तलिखिताचा पाठ ठरवताना आपण लेखनिकाची भर वेगळी काढतो ना? येथेही तसेच करावे लागते.

घनरूप आणि प्रमाण

कागदावरील आकाराला लांबी-रुंदी असते; घनरूपाला खोलीही असते आणि त्याच्याभोवती फिरता येते. लेणे क्रमांक १ मधील एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत. देह चार, डोके एकच. तुम्ही ज्या देहाकडे पाहाल, ते डोके त्याचेच वाटते. शिल्पकाराने एक घनरूप चार आकृत्यांत वाटून दिले आहे. मौजेचा भाग सोडला, तरी 'एकता' या तत्त्वाची इतकी नेमकी फोड पुस्तकात क्वचितच मिळेल.

प्रमाण म्हणजे भागाभागांतील आणि भाग व पूर्ण यांतील मापांचा संबंध. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी उमेदीच्या काळात पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले होते. त्यांच्या आराखड्यावरून गुजरातेत केवडिया येथे उभारलेला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर उंच आहे. हाताएवढा नमुना मोठा करताना केवळ मापे गुणून भागत नाही, कारण पाहणारा पायथ्याशी उभा असतो. त्याला पाय जवळ आणि मोठे, डोके दूर आणि लहान दिसते. म्हणून उंच शिल्प घडवणाऱ्याला प्रत्यक्ष माप आणि भासमान माप यांचा हिशेब एकत्र करावा लागतो. पद्मपाणीच्या चित्रात मापाचा उपयोग निराळा आहे. तेथे बोधिसत्त्व भोवतीच्या साऱ्यांहून मोठा काढला आहे, कारण तेथे माप अंतर सांगत नाही, महत्त्व सांगते.

पोत, छायाप्रकाश, अवकाश : चाळीसगावचे केकी मूस

चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील एका घरात केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा बहुतेक काळ घराबाहेर न पडता कलासाधनेत घालवला. त्यांच्या एकांतवासाविषयी आणि पंजाब मेलच्या प्रतीक्षेविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जातात; अभ्यासक म्हणून आपले लक्ष त्यांच्या कामावर असावे. चित्रे, शिल्पे, लाकूडकाम, कागदाच्या घड्यांच्या कलाकृती असे बरेच काही त्यांनी केले, परंतु त्यांची ख्याती मेजावरील छायाचित्रणासाठी आहे.

या प्रकारात छायाचित्रकार निसर्गाकडे जात नाही. टेबलावर लहान वस्तू मांडून तो निसर्गाचा आभास निर्माण करतो. वाळकी काटकी वृक्ष होते, कापूस ढग होतो, पांढरी पूड बर्फ होते. हे घडते कसे? छायाचित्रात वस्तूचे खरे माप हरवते. उरतो तो तिचा पोत आणि तिच्यावर पडलेला प्रकाश. काटकीच्या सालीच्या भेगा जुन्या खोडाच्या भेगांसारख्या दिसल्या की डोळा फसतो. प्रकाश एका बाजूने आणि खालून दिला तर सावल्या लांबतात आणि वीतभर जागेला मैलभर अवकाश मिळतो. येथे दोन्हींचा विचार करा : वस्तूने व्यापलेली जागा आणि तिच्याभोवती मोकळी सोडलेली जागा. नवशिका मोकळी जागा भरून काढतो; जाणकार तिला कामाला लावतो. कवितेतील चरणांती येणाऱ्या विरामाचे कार्य याहून फार वेगळे नाही. चाळीसगावचे त्यांचे घर आज संग्रहालय आहे.

तत्त्वांची संगती : मर्ढेकरांचे लयतत्त्व

आता साहित्याकडे वळू. बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांचा जन्म खानदेशातील फैजपूरचा. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात त्यांनी असे मांडले की सौंदर्य सुट्या संवेदनेत नसून संवेदनांच्या परस्परसंबंधांत असते आणि हे संबंध संवाद, विरोध व समतोल या तीन लयींनी बांधलेले असतात. आपण वर पाहिलेली तत्त्वे या तीन शब्दांत बरीचशी सामावतात, हे तुमच्या लक्षात आले असेल. रांगोळीतील पुनरावृत्ती हा संवाद, अजिंठ्यातील लाजवर्दी निळा हा विरोध, त्रिभंगातील तिहेरी वळण हा समतोल.

समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणे, हा समज येथेच दूर करू. श्रावणात खानदेशात घरोघरी बसणारी कानबाई आठवा. चौरंग, दोन्ही अंगांची सजावट, मध्ये नारळाच्या रूपातील देवी : मांडणी सममित असते. परंतु नथ एकाच बाजूस असते. तेवढ्या एका विषमतेने त्या नारळाला चेहरा मिळतो. सममिती स्थैर्य देते, तिचा किंचित भंग प्राण देतो. गोधडीत समांतर धावणारे टाके आणि त्यांखालचे वेड्यावाकड्या मापांचे तुकडे यांचा संबंधही असाच आहे.

मर्ढेकरांचा सिद्धान्त चित्र आणि संगीत यांना जितका सहज लागू पडतो, तितका साहित्याला पडतो का, हा वादाचा विषय आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या ग्रंथात त्याची कठोर चिकित्सा केली आहे. शब्दाला अर्थ असतो, निळ्याला तसा नसतो. ही अडचण खरी आहे. तरी दृश्यकलेपुरते पाहता ही त्रयी फार उपयोगी ठरते, असे आमचे मत आहे.

फैजपूरचे आणखी एक स्मरण आवश्यक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तेथे झाले. महात्मा गांधींच्या आग्रहावरून सजावटीचे काम नंदलाल बोस यांनी पाहिले. तरुणपणी अजिंठ्याच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेले हे चित्रकार सुमारे पंचवीस वर्षांनी पुन्हा या भागात आले, ते बांबूसारखी गावात मिळणारी साधी सामग्री हाताशी घेऊन. भारी सामग्री नसताना रचना भव्य करायची तर भिस्त पुनरावृत्ती, प्रमाण आणि पोत यांवरच ठेवावी लागते. सामग्री जितकी साधी, तितकी तत्त्वे उघडी पडतात.

क्षेत्रीय कार्य

१. आपल्या घरातील एक गोधडी, पोळ्याला रंगवलेला एक बैल किंवा दारातील एक रांगोळी निवडा. प्रथम दहा मिनिटे काहीही न लिहिता पाहा. नंतर तीत कोणता एक घटक इतरांवर वर्चस्व गाजवतो आणि तो काढून टाकल्यास काय उरेल, हे दीडशे शब्दांत लिहा. 'सुंदर', 'मनमोहक', 'आकर्षक' ही विशेषणे वापरू नयेत.

२. अजिंठा किंवा चाळीसगावचे मूस संग्रहालय यांपैकी एका ठिकाणी जाऊन एकाच कलाकृतीची पेन्सिलने आखणी करा. चित्र चांगले येणे अपेक्षित नाही. हात कोठे अडला, याची नोंद अपेक्षित आहे. प्रत्यक्ष जाणे शक्य नसल्यास छापील छायाचित्र चालेल, मात्र त्यातील रंगांविषयी विधान करू नये. का करू नये, ते कारणासह लिहा.

३. अभ्यासक्रमातील कोणतीही एक कविता घेऊन तीत संवाद, विरोध आणि समतोल शोधा. तिन्हींपैकी एखादी लय सापडली नाही, तर तसे स्पष्ट लिहा.