अनुक्त उपनय : १५ जून १८९७ चा ‘केसरी’

लुप्तावयव अनुमानात एखादा अवयव वक्ता उच्चारीत नाही. श्रोता तो स्वतःच पुरवितो. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वातील युक्तिवादाचे मर्म येथेच पाहिले. मराठीतील याचे सर्वांत महागात पडलेले उदाहरण १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त आढळते. शिवराज्याभिषेकोत्सवातील टिळकांच्या भाषणाचा वृत्तान्त त्या अंकात होता. अफजलखानाच्या वधामागे शिवाजीमहाराजांचा स्वार्थ नव्हता, म्हणून त्यांना दोष लागत नाही, असे त्यातील प्रतिपादन होते. न्यायदर्शनाच्या पंचावयवी चौकटीत पाहता व्याप्ती आणि उदाहरण येथे उक्त आहेत. ‘आजची स्थितीही तशीच’ हा उपनय आणि त्यातून येणारे निगमन मात्र नाही. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि ती रिकामी जागा सरकारपक्षाने भरली.

या अनुक्ताचे उत्तरदायित्व कोणाचे? टिळकांना त्यातून सर्वस्वी मुक्त मानणे भाबडेपणाचे होईल. समोरचा श्रोता प्लेगच्या बंदोबस्ताने गांजलेला आहे, हे त्यांना ठाऊक होते. परंतु एका उदाहरणापासून अनेक उपनय संभवतात, आणि त्यांपैकी एकच वक्त्याच्या माथी मारणे हा तर्क नव्हे. न्या. स्ट्रॅची यांनी तर ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ इतका सैल केला, की न उच्चारलेले वाक्यही राजद्रोहाच्या कक्षेत यावे. ज्यूरीतील सहा युरोपीयांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.