कपालेश्वरासमोर नंदी का नाही? (गीता ४.३४)



आज चौथ्या अध्यायातला ३४वा श्लोक. भगवान अर्जुनाला सांगतात, ज्ञान हवं असेल तर जाणत्यांकडे जा. नमस्कार कर, प्रश्न विचार, सेवा कर, मग ते तुला सांगतील. प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. प्रवचनात हे इतक्यांदा ऐकलंय की ‘गुरूला शरण जा’ एवढाच अर्थ डोक्यात उरतो. पण त्या ज्ञानी माणसाला तिथे ‘तत्त्वदर्शी’ म्हटलंय. म्हणजे नुसतं वाचलेला नाही, स्वतः पाहिलेला.

आमच्या पंचवटीत रामकुंडावरून पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर. इथे पिंडीसमोर नंदी नाही. कथा अशी सांगतात, की ब्रह्मदेवाचं एक मस्तक उडवल्यामुळे शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं. सगळीकडे फिरले, सुटेना. एके ठिकाणी त्यांनी एका वासराचं गाईशी चाललेलं बोलणं ऐकलं. वासरू मालकाला मारणार होतं. गाय म्हणाली, पातक लागेल. वासरू म्हणालं, त्यावरचा उपाय मला माहीत आहे. मालक मेला, वासरू काळं पडलं, आणि रामकुंडात बुडी मारून पुन्हा पांढरं झालं. शंकर त्याच्या मागोमाग गेले आणि त्याच पाण्यात उतरले. ते वासरू म्हणजे नंदी. म्हणून शंकरांनी त्याला गुरू मानलं आणि माझ्यासमोर बसू नकोस म्हणून सांगितलं.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. कळली मात्र चौतिसाव्या वर्षी.

मी दारुडा आहे. हे इथे लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. सकाळी चिंतन पोस्ट करायचो आणि रात्री लॅपटॉपच्या बॅगेत क्वार्टर असायची. सहाव्या अध्यायातला ‘आपणच आपला उद्धार करावा’ हा विचार तोंडपाठ होता, आणि त्याचा अर्थ मी सोयीने ‘कुणाला कळू द्यायचं नाही’ असा लावला होता. दर सोमवारी सोडायचो. एक्सेल शीट केली होती, हसू नका. एका रात्री बायकोने विचारलं, “उद्या पिल्लूला शाळेतून आणायला तू जाणारेस ना?” आणि उत्तराची वाट न बघता रिक्षावाल्या काकांना फोन लावला. त्या फोनची मला आजही लाज वाटते.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., हे नाव माहीत होतं ते इंग्रजी सिनेमांतून. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे आणि मराठीत मीटिंग होतात, हे नेटवर शोधल्यावर कळलं. फोन लावला. पलीकडच्याने विचारलं, “आज घेतलीय का?” म्हटलं, हो. “हरकत नाही, उद्या या.” दुसऱ्या दिवशी गेटासमोरून दोन चकरा मारल्या. कुणी ओळखीचं भेटलं तर? भेटलंच. त्याने फक्त खुर्ची पुढे सरकवली. तोही त्याच कारणासाठी आलाय, हे माझ्या इंजिनिअर डोक्यात खुर्चीत बसल्यावर शिरलं.

फी नाही. भाड्याला, चहाला एक पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात; मधे कुणी उपदेश करत नाही. तिथे ऐकलेलं तिथेच राहतं, म्हणून कुणाची गोष्ट सांगणार नाही. एवढंच सांगतो, की बाटली कुठे लपवतात याबद्दल त्या खोलीत मला कुणालाच काही नवीन सांगता आलं नसतं.

ए.ए.ची सुरुवातही अशीच. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा, नुकतीच सोडलेला माणूस पुन्हा प्यायच्या बेताला आला होता. बारमध्ये जाण्याऐवजी त्याने आपल्यासारखाच कुणी पिणारा शोधला. डॉक्टर बॉब हे सर्जन पंधरा मिनिटं देतो म्हणून आले आणि सहा तासांहून जास्त बसले. सर्जनला दारूचे दुष्परिणाम कुणी समजावायची गरज नव्हती. त्याला वासरू भेटलं होतं.

तुमच्यापैकी काही विचारतील, तिथे देव कुठला? बारा पायऱ्यांमध्ये देव आहे, पण ज्याला जसा समजेल तसा. माझा काळाराम. शेजारी बसणारे नास्तिक आहेत, आणि मला दोनदा प्यायच्या वाटेवरून परत आणलंय ते त्यांनीच. (यावर कमेंटमध्ये वाद नको.)

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरला भेटा. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. अ‍ॅडमिट व्हायची गरज असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन फुकट आहे. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंग वेगळ्या असतात. माझी बायको जाते. ती तिथे काय बोलते ते मी विचारत नाही.

चाळीस दिवसांनी माझी स्लिप झाली होती. परत गेलो तेव्हा कुणी काही बोललं नाही, चहा दिला. आता नवीन कुणी आलं की खुर्ची मी सरकवतो. परिप्रश्नाला मला वेळ लागला, अजूनही मी कमीच विचारतो. सेवा मात्र लगेच जमली. गुरुवारी चहाचं काम माझ्याकडे आहे. साखर संपलीय, जाताना न्यायचीय.

राम कृष्ण हरी.