भिंतीवरच्या चित्रांनी फरक पडतो का?

प्रश्न : हल्ली गावोगावी भिंतींवर झाडे, नद्या, ‘पाणी वाचवा’, ‘वसुंधरा वाचवा’ अशी चित्रे रंगवलेली दिसतात. त्यांचा खरोखर काही उपयोग होतो का?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : होतो, पण सगळ्याच चित्रांचा नाही. राज्य सरकारचे ‘माझी वसुंधरा अभियान’ २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले आणि राज्यभर भिंती रंगल्या. अशी भिंत चार दिवस नवलाईने पाहिली जाते, मग नजर सरावते. ती जे सांगते ते आपल्याला शाळेपासून पाठ असते. आपल्या हवेत, आपल्या पाण्यात आज काय आहे, हे मात्र ती दाखवत नाही.

ते दाखवले खारघरमध्ये. जानेवारी २०२१ मध्ये ‘वातावरण’ या संस्थेने तिथे रस्त्यालगत माणसापेक्षा उंच फुफ्फुसांची जोडी उभारली. हवा गाळणारे पांढरेशुभ्र कापड आणि मागे हवा ओढणारे पंखे, एवढीच रचना. काही दिवसांतच कापड काळेठिक्कर पडले. रोज तिथून जाणाऱ्याला आपल्या छातीत काय साठते आहे, हे कोणी वेगळे सांगायला नको होते. दिल्लीतही २०१८ मध्ये सर गंगाराम रुग्णालयात हाच प्रयोग झाला होता, तिथेही आठवडाभरात तोच रंग चढला.

दुसरे उदाहरण जर्मनीतल्या कासेल शहराचे. योझेफ बॉइस या कलावंताने १९८२ मध्ये तिथल्या संग्रहालयासमोर काळ्या बेसॉल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. एक ओक लावायचा, त्याच्याशेजारी एक शिळा रोवायची. किती झाडे लावायची राहिली, ते ढिगाकडे पाहूनच कळे. बॉइस १९८६ मध्ये गेले, काम १९८७ मध्ये पुरे झाले. वृक्षारोपणाचा हिशेब असा भर चौकात मांडावा, हे मला फार मोलाचे वाटते.

तुमचे शिरूर तर घोड नदीकाठचे, गावाला लोक आजही ‘घोडनदी’च म्हणतात. पुढे हेच पाणी चिंचणीच्या धरणात जाते. मग भिंतीवर निळी नदी रंगवण्याऐवजी पांढऱ्या सुती कापडाचे दोन पट्टे घ्या. एक गावाच्या वरच्या अंगाला, दुसरा खालच्या अंगाला आठवडाभर पाण्यात बांधा. मग दोन्ही वाळवून बाजारपेठेत शेजारी-शेजारी टांगा, खाली तारीख लिहा. शाळेतली मुलेसुद्धा मोठ्यांच्या सोबतीने हे करू शकतील. नगरपरिषदेची परवानगी मात्र आधी घ्या आणि हा प्रयोग उन्हाळ्यातच करा, पावसाळ्यात दोन्ही पट्टे गाळानेच मळतील.