साधे स्वयंपाकघर : कोणती भांडी घ्यावी, कोणती टाळावी

आपल्या आदिलाबाद भागात कापूस विकला की चार पैसे हाती येतात आणि पाठोपाठ लग्नसराई सुरू होते. त्या दिवसांत घरोघरी मोठी खरेदी होते ती भांड्यांची. आंदणात किती भांडी दिली, याची चर्चा गावात पुढे कितीतरी दिवस चालते. पण त्यांतील बरीचशी भांडी फळीवर चकचकत बसतात आणि रोजचा स्वयंपाक दोन-चार जुन्या भांड्यांतच होतो. काही कुटुंबे तर या खरेदीसाठी व्याजाने पैसे काढतात. पुढच्या हंगामात बियाण्याला पैसे नसतात, पण फळीवर बारा डबे एकावर एक रचलेले असतात.

भांडे हे अन्न शिजविण्यासाठी आहे. ते योग्य असेल तर सरपण वाचते, वेळ वाचतो आणि प्रकृतीही राखली जाते. अयोग्य असेल तर त्यातूनच आजार घरात शिरतो. म्हणून साध्या शेतकरी घराला नेमके काय लागते आणि ते कसे पारखून घ्यावे, याचा विचार आपण या पाठात करू या.

१. आधी चूल, मग भांडी

चूल धुराची असेल तर उत्तम भांड्याचाही फायदा निम्माच होतो. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला जडतो आणि आईच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत धूर जातो. लहान मुलांना न्यूमोनिया होण्यामागे घरातील धूर हे एक मोठे कारण आहे. आपल्या शेजारच्या वर्ध्याला मगनवाडीत धुराडे असलेली मगन चूल तयार झाली. पुढे १९८० च्या दशकात सरकारनेही निर्धूर चुलींचा कार्यक्रम देशभर राबविला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरी गॅस आला. तरीही सिलिंडर संपला की पऱ्हाटीचे सरपण पेटतेच. तेव्हा चूल ठेवावी, पण तिला धुराडे असावे, ते महिन्यातून एकदा झाडावे आणि चुलीसमोर खिडकी अथवा झरोका असावा.

भांडे घेताना आपल्या चुलीचे तोंड ध्यानात ठेवावे. सपाट व रुंद बुडाचे भांडे आच चांगली घेते. अरुंद बुडाच्या भांड्याच्या बाजूने ज्वाळा वर निघून जाते आणि सरपण वाया जाते. प्रत्येक पातेल्याला घट्ट बसणारे झाकण हवे. एवढ्या एका गोष्टीनेही बरेच सरपण वाचते.

२. धातूंची ओळख

लोखंड व बीड : तवा आणि कढई लोखंडाची किंवा बिडाची असावी. जाड तव्यावर ज्वारीची भाकरी सारखी भाजते आणि असे भांडे दोन पिढ्या टिकते. दुसरा लाभ रक्ताचा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. इथिओपियात मुलांवर केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. काही घरांना लोखंडाची व काही घरांना अॅल्युमिनियमची भांडी दिली होती. वर्षभरानंतर लोखंडाच्या भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांचे रक्त अधिक सुधारलेले दिसले. पातळ आणि आंबट पदार्थ शिजताना लोह अधिक उतरते. आपली अंबाडीची भाजी लोखंडी कढईत काळपट होते ती यामुळेच. तो रंग विषाचा नव्हे. मात्र शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. कढई धुऊन, चुलीवर कोरडी करून, तेलाचे बोट फिरवून ठेवावी. गंज चढला तर घासून काढावा. दोन गोष्टी विसरू नयेत. कढई ही दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. आणि घरात सिकलसेल किंवा थॅलसेमियाचा रुग्ण असून त्याला वारंवार रक्त भरावे लागत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण अशा रुग्णाच्या अंगात लोह आधीच साठलेले असते.

जर्मन : अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आपल्याकडे जर्मनची भांडी म्हणतात. ती हलकी, स्वस्त आणि लवकर तापणारी असतात. त्यांत भात शिजविणे, पाणी तापविणे ठीक. पण चिंचेचे सार, ताक, कढी, लोणचे असे आंबट व खारट पदार्थ त्यांत शिजवू वा साठवू नयेत; धातू अन्नात उतरतो. मोडीचा धातू वितळवून ओतलेली, नाव-ठसा नसलेली भांडी मुळीच घेऊ नयेत. मोडीत काय काय मिसळलेले असते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात अफगाण निर्वासित कुटुंबांच्या घरची अॅल्युमिनियमची भांडी तपासली, तेव्हा कित्येक भांड्यांतून शिसे अन्नात उतरते असे दिसले. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि झालेली हानी भरून निघत नाही.

स्टील : स्वच्छ करण्यास सोपे आणि आंबटाला न बाधणारे असे हे भांडे. दूध, दही, डाळ, उरलेले अन्न यांसाठी हेच उत्तम. दोष एवढाच की पातळ पत्र्याचे स्टील एका जागी तापते आणि अन्न करपते. म्हणून शिजविण्याचे भांडे जाड बुडाचे घ्यावे. साठविण्याचे पातळ चालेल. लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे, असा समज आहे. तो खरा नव्हे. स्टीलच्या काही जातींना चुंबक चिकटतो, काहींना चिकटत नाही. जाडी, वजन आणि कडांची घडण पाहावी.

माती : मातीच्या भांड्याचा मान आपल्या मुलखात मोठा आहे. केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम मंडळी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून भांडी घडवून घेतात. पाण्यासाठी मडक्यासारखे दुसरे भांडे नाही. सच्छिद्र मातीतून झिरपलेले पाणी बाहेर सुकते आणि आतले गार होते. स्वयंपाकाला साधे, झिलई नसलेले मडके घ्यावे. चकचकीत रंगीत झिलईत शिसे असू शकते.

न चिकटणारा काळा तवा : हा सरपणाच्या चुलीसाठी नव्हे. फार तापला तर त्याचा लेप बिघडतो व अपायकारक वाफा निघतात. लोखंडी तवा असताना त्याची गरजही नाही.

३. पितळ, तांबे आणि तान्ह्याचे दूध

ही बाब आम्ही मुद्दाम वेगळी घेत आहोत, कारण तिने कित्येक लेकरांचा जीव घेतला आहे.

पूर्वी आपल्या देशात एक ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना यकृताचा एक आजार होत असे. चांगले खेळते मूल किरकिरे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, मग कावीळ होऊन बहुतेक मुले दगावत. एकाच घरी दोन-तीन मुले गेली की लोक दैवाला दोष देत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी याचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले होते. आजारी मुलांच्या घरी आणि निरोगी मुलांच्या घरी दूध कसे देतात, याची तुलना केली. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी लवकरच गाई-म्हशीचे दूध सुरू झाले होते, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले जात होते. १९८३ व १९८७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे घरोघरी स्टील आले, पालकांना समजावून सांगण्यात आले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

असाच प्रकार ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ भागातही घडला होता. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले अशाच आजाराने गेली. तेथेही तांब्याच्या भांड्यात दूध तापविण्याची रीत होती. ती भांडी गेली आणि आजारही गेला.

दूध तांब्याला धरून ठेवते, आणि तान्ह्या मुलाच्या यकृताला ते झेपत नाही. सर्वच मुलांना हा आजार होत नसे. काहींच्या अंगात जन्मतःच नाजूकपणा असावा. पण आपले मूल त्यांपैकी आहे की नाही, हे आधी कोणाला कळणार? म्हणून नियम एकच. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पुढे वरचे दूध दिले तर ते स्टीलच्या भांड्यातच तापवावे. आजकाल जुने ते आरोग्याचे म्हणून पितळेची भांडी पुन्हा विकली जात आहेत. अशा वेळी हा नियम आजीनेही आणि सुनेनेही पाठ करून ठेवावा.

पितळेचे भांडे स्वयंपाकाला वापरायचेच असेल तर त्याला आतून कल्हई हवी. कल्हई म्हणजे शुद्ध कथलाचा पातळ थर. भांडे घासून, तापवून, नवसागर टाकून कथील कापसाने आत फिरवतात. कथील २३२ अंशांवर वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. आतून पिवळे दिसू लागले की पुन्हा कल्हई करावी. कल्हईवाल्याला शिसेमिश्रित डाग-कथील न वापरण्याबद्दल बजावावे. जैनूर मंडलातील उशेगावचे ओझा कारागीर मेण-साच्याने पितळेचे सुंदर ओतकाम करतात. आदिलाबाद डोकरा म्हणून त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते घराची शोभा म्हणून अवश्य घ्यावे, दुधासाठी नव्हे.

४. कुकर आणि गवताची टोपली

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून तुरीची डाळ लवकर शिजते. २०२१ पासून कुकरवर आयएसआय चिन्ह असणे कायद्याने सक्तीचे आहे. चिन्ह नसलेला कुकर घेऊ नये. डाळ घातली तर कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. शिटीची नळी रोज पाहावी. सुरक्षा झडप उडाली तर तिथे खिळा वा लाकूड ठोकू नये, नवी झडप बसवावी.

कुकर नसेल तर ही युक्ती करावी. बांबूच्या टोपलीत वाळलेले गवत दाबून भरावे व मध्ये पातेल्याएवढी जागा ठेवावी. भिजविलेली डाळ दहा मिनिटे खळखळ उकळून, झाकणासह टोपलीत ठेवावी आणि वरून गोधडी दाबावी. दोन-तीन तासांत डाळ मऊ होते. फोडणी देताना ती पुन्हा उकळावी. रात्रभर टोपलीत ठेवू नये.

५. नव्या संसाराची यादी

शिजविण्यास : लोखंडी तवा एक, लोखंडी कढई एक, जाड बुडाची झाकणाची पातेली दोन (एक मोठे, एक लहान), दुधासाठी स्टीलचा वेगळा गंज एक, जमल्यास कुकर.

कामास : परात, पोळपाट-लाटणे, उलथने, दोन डाव, सांडशी, चिमटा, चाळणी, सूप, पाटा-वरवंटा किंवा खलबत्ता. कापण्यास विळी चांगली. पण घरात रांगते मूल असेल तर ती काम होताच पाते मिटवून किंवा उंच टांगून ठेवावी.

पाण्यास : झाकणाचे मडके आणि लांब दांड्याचे ओगराळे. हात न बुडविता पाणी काढणे, एवढ्याने पावसाळ्यातील हगवण पुष्कळ टळते. एवढे ओगराळे घरात नसेल तर फळीवरच्या बारा डब्यांचा उपयोग काय?

खाण्यास : माणशी ताट, वाटी, पेला, आणि पाहुण्यांसाठी चार जोड अधिक.

एवढ्यात पाच-सहा माणसांचे घर नीट चालते.

६. विकत घेताना

भांडे उलटे करून बूड सपाट आहे का पाहावे. कान व दांडा हलवून पाहावा. पक्क्या खिळ्यांनी जडलेला दांडा टिकतो. आतला कोपरा हाताच्या बोटांनी घासता येतो का पाहावे. जिथे बोट पोचत नाही तिथे घाण साचते. एकदम संच घेण्यापेक्षा एक एक भांडे घ्यावे, आणि दरवर्षी कापसाच्या पैशातून एकाची भर घालावी.

घरी करून पाहा : या आठवड्यात आपल्या फळीवरील भांडी मोजावी. गेल्या महिन्यात कोणती वापरली व कोणती नाही, ते वेगळे मांडावे. दूध कोणत्या भांड्यात तापते, ते पाहावे. पितळेचे असेल तर आजच बदलावे. आणि घरात पुढचे लग्न ठरेल तेव्हा आंदणाची यादी दाखविण्यासाठी न करता, सासरी गेलेल्या लेकीच्या रोजच्या कामाची करावी.