मुक्या सोबत्याला निरोप देताना



धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो : “फादर, आमचा मोती मेला. तो स्वर्गात गेला का?” एरवी हसण्याची संधी शोधणारी मुले या प्रश्नाला हसत नाहीत. सगळी गप्प होऊन उत्तराची वाट पाहतात. मोठी माणसे हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारतात. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबतात, इकडेतिकडे पाहतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, “फादर, हसू नका, पण...”

ज्या प्रश्नाला लहान-मोठे सगळेच सामोरे जातात, त्याला श्रद्धेच्या आणि विवेकाच्या प्रकाशात उत्तर शोधायला हवे. आज आपण तोच प्रयत्न करू या.

१. या दुःखाची लाज वाटू नये

कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे. म्हणजे मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या सुमारास घरी आलेले पिल्लू तो कॉलेजात जाईपर्यंत सोबत करते. एवढ्या काळात घरात काय काय घडून जाते! पाळणा हलतो, आजोबा जातात, थोरला मुलगा नोकरीसाठी आखातात किंवा कॅनडाला जातो. कुत्रा मात्र रोज संध्याकाळी ओट्यावर ठरल्या जागी बसलेला असतो. तो गेला की ती जागा रिकामी दिसते आणि फाटक वाजले तरी कोणी धावत येत नाही.

अशा वेळी शेजारीपाजारी सहज म्हणून जातात, “कुत्रंच तर होतं, दुसरं आणा!” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला ते लागते. प्रेम केले म्हणून दुःख झाले, यात चुकीचे काहीच नाही. ज्या घरात मुक्या प्राण्यासाठी डोळे ओले होतात, त्या घरातील मुले माणसाच्या दुःखालाही ओळखायला शिकतात.

२. पवित्र शास्त्र काय सांगते?

उत्पत्तीच्या पुस्तकात पशूंसाठी आणि मनुष्यासाठी एकच हिब्रू शब्द वापरला आहे : ‘नेफेश हाया’, म्हणजे जिवंत प्राणी. दोघेही मातीतूनच घडवलेले आहेत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की मनुष्य तेवढा देवाच्या प्रतिरूपात निर्माण केलेला आहे. पुढे जलप्रलयानंतर देव जो करार करतो, तो केवळ नोहाशी नव्हे, तर तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सजीवाशी करतो. योनाच्या पुस्तकाच्या अखेरीस निनवे नगरावर दया करताना देवाला तेथील जनावरांचीही आठवण आहे. नीतिसूत्रांत नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे : तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. आणि प्रभू येशू म्हणतो, की दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या पाच चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही.

कुत्र्याबद्दल मात्र बायबल फारसे गौरवाने बोलत नाही. त्या काळी कुत्रा म्हणजे उकिरड्यावर फिरणारा प्राणी. म्हणूनच तोबितच्या पुस्तकातील एक बारीकसा उल्लेख लक्ष वेधून घेतो. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये ते नाही. तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो. त्याच्यासोबत देवदूत राफाएल आहे, पण तो देवदूत आहे हे तोबियाला ठाऊक नाही. आणि त्यांच्या मागोमाग घरचा कुत्राही निघतो. परतीच्या वाटेवर पुन्हा त्याचा उल्लेख येतो. या कुत्र्याला नाव नाही. तो कोणाला वाचवत नाही, कसला चमत्कार करत नाही. तो नुसता सोबत जातो आणि सोबत परत येतो. तरीही पवित्र लेखकाला त्याची नोंद घ्यावीशी वाटली. आपल्या घरच्या कुत्र्याने आयुष्यभर याहून वेगळे काय केले?

३. तत्त्वज्ञान काय म्हणते?

इंग्रजीतील ‘अॅनिमल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘आनिमा’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ प्राण, आत्मा. तेव्हा “जनावराला आत्मा असतो का?” या प्रश्नाला संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांचे उत्तर ‘होय’ असेच आहे. अॅरिस्टॉटलला अनुसरून ते सांगतात, की वनस्पतीत वाढीचे तत्त्व असते, पशूमध्ये त्याशिवाय संवेदनेचे तत्त्व असते आणि मनुष्यात त्याशिवाय बुद्धी असते. कुत्र्याला भूक, भीती, आनंद, ओढ हे सारे जाणवते, पण शरीराच्या द्वारे. सत्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असा विचार मनुष्याची बुद्धी करते आणि ती केवळ शरीरावर अवलंबून नाही. म्हणून शरीर पडल्यावरही मनुष्याचा आत्मा टिकतो, तर पशूचा आत्मा त्याच्या शरीराबरोबर संपतो.

हे ऐकून कोणी निराश होऊ नये. या युक्तिवादातून एवढेच सिद्ध होते, की पशूचा आत्मा स्वतःच्या बळावर टिकत नाही. देव त्याच्याविषयी काय करील, हा प्रश्न निराळा. नव्या सृष्टीत पशू नसतील, असे संत थॉमस यांचे मत होते हे खरे, पण ते ख्रिस्तसभेचा सिद्धांत नाही.

४. मग ख्रिस्तसभेचे उत्तर काय?

डिसेंबर २०१४ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत बातमी झळकली, की पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा गमावलेल्या एका मुलाला स्वर्गाचे दार सर्व प्राण्यांना खुले असल्याचे सांगितले. पुढे कळले, की पोप फ्रान्सिस तसे बोललेच नव्हते. ते उद्गार पूर्वी पोप पॉल सहावे यांच्या नावावर सांगितले जात असत. तेव्हा त्या बातमीच्या आधारावर आपण विसंबू नये.

आपल्यापाशी याहून भक्कम आधार आहे. संत पौल रोमकरांस लिहितो, की सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांप्रमाणे कण्हत मुक्तीची वाट पाहत आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लावदातो सी’ या परिपत्रकाच्या शेवटी (परिच्छेद २४३) लिहिले, की शाश्वत जीवनात प्रत्येक निर्मिती तेजाने रूपांतरित होऊन आपले स्थान घेईल. याचा अर्थ आपला मोती नेमका तेथे भेटेलच, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. भेटणार नाही, असेही ती सांगत नाही. देवाने जे प्रेमाने निर्माण केले ते त्याच्या हाती सोपवायला ती आपल्याला शिकवते.

तेव्हा मुलांना उत्तर देताना खरे तेच बोलावे : “मोतीला देवाने निर्माण केलं. देव त्याला विसरत नाही. पुढचं आपण देवावर सोपवू या.” तो गावाला गेला, पळून गेला, अशी खोटी गोष्ट रचू नये. मूल दिवसेंदिवस फाटकापाशी वाट पाहत राहते. ‘डॉक्टरांनी त्याला झोपवलं’ असेही लहान मुलाला सांगू नये. रात्री स्वतः झोपायला ते घाबरते.

५. शेवटचा कठीण निर्णय

कुत्रा असाध्य आजाराने तळमळत असेल, तर डॉक्टर इंजेक्शनचा पर्याय सुचवतात. मग भाविक विचारतात : माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा ज्याला पाप म्हणते, ते येथे कसे चालते?

मनुष्याचे जीवन मनुष्याच्या मालकीचे नाही, आणि त्याच्या वेदनेलाही ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडले जाऊन अर्थ येऊ शकतो. पशूला आपल्या वेदनेचा अर्थ लावता येत नाही, तो नुसता सोसतो. त्याचा सांभाळ देवाने आपल्यावर सोपवला आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २४१८) सांगतो, की प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. तेव्हा बरे होण्याची आशा उरलेली नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या यातना थांबवल्या तर मनाला अपराधी वाटून घेऊ नये. शक्य असेल तर घरातील कोणीतरी त्या वेळी जवळ असावे. ओळखीचा हात अंगावर असला की जनावर शांत राहते.

पण केवळ म्हातारा झाला, अंथरूण घाण करतो, सुट्टीत सांभाळायला कोणी नाही, म्हणून इंजेक्शन देणे योग्य नव्हे. त्याहून वाईट म्हणजे रात्री गाडीत घालून बाजारात किंवा हायवेवर सोडून येणे. ज्याने कधी रस्ता पाहिला नाही, तो तेथे किती दिवस जगणार? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला असे उपाशी-तहानलेले सोडून देणे हा गुन्हा आहे. कायदा नसता, तरी सदसद्विवेकाने आपल्याला हेच सांगितले असते.

६. प्रेमालाही मर्यादा असावी

तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लिओं शहराजवळ लोक गिनफोर नावाच्या कुत्र्याला संत मानू लागले होते. त्याने सापापासून बाळाला वाचवले आणि तोंडाचे रक्त पाहून गैरसमजाने मालकाने त्यालाच मारले, अशी ती आख्यायिका. पंचतंत्रातील मुंगसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे, ती हीच. डोमिनिकन धर्मगुरू स्टीफन यांनी चौकशी करून ती भक्ती बंद पाडण्याचा प्रयत्न केला. कृतज्ञता योग्य होती, पण तिने संतपद बहाल केले, तेथे चूक झाली.

धर्मशिक्षणग्रंथ तोच तोल सांभाळतो. प्राण्यांवर प्रेम करावे, पण जी माया केवळ माणसाला द्यायची ती त्यांच्याकडे वळवू नये, आणि गरिबांच्या हक्काचा पैसा त्यांच्यावर उधळू नये. “त्याच्यासाठी मिस्सा ठेवू का?” असेही विचारले जाते. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, ती त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून. कुत्र्याने पाप केलेलेच नाही, मग क्षमा कशाची मागणार? मात्र घरी सर्वांनी एकत्र बसून देवाचे आभार जरूर मानावेत.

पुरायचे असल्यास स्वतःच्या जागेत, विहीर आणि बावखलापासून दूर, खोल खड्डा घ्यावा. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये, इतका तो खोल असावा. मुलांना फूल ठेवू द्यावे. वर एखादे झाड लावावे.

शेवटी एक विनंती. आपल्या धर्मग्रामात अशी कितीतरी घरे आहेत, जेथे मुले परदेशी आहेत आणि म्हातारी आई किंवा वडील एकटेच राहतात. दिवसभरात त्यांचे जे काही बोलणे होते, ते त्या कुत्र्याशीच. तो कुत्रा गेल्याचे कानावर आले, तर ‘त्यात काय मोठंसं’ म्हणू नका. त्या आठवड्यात तरी त्यांच्या ओट्यावर जाऊन अर्धा तास बसा. चहा घ्या, त्याच्या खोड्या ऐका. कुत्र्याने इतकी वर्षे त्या घराला जी सोबत दिली, ती देण्याची पाळी आता शेजाऱ्यांची, म्हणजे आपली आहे.

कुटुंबासाठी प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आम्हांला दिलेल्या या मुक्या सोबत्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्याने आम्हांला दिलेला आनंद तुझीच देणगी होती. त्याला आम्ही तुझ्या हाती सोपवतो. जे तुझ्या प्रतिरूपात निर्माण झाले आहेत, त्यांच्याशी तितक्याच निष्ठेने वागायला आम्हांला शिकव. आमेन.

घरी चर्चेसाठी

१. तोबियाबरोबर गेलेल्या कुत्र्याची नोंद पवित्र लेखकाने का केली असावी?
२. आपल्या घरच्या मुक्या प्राण्याच्या म्हातारपणाची आपण काय सोय केली आहे?
३. आपल्या आळीत सध्या एकटे पडलेले कोण आहे? त्यांच्याकडे कोणी आणि कधी जायचे?