एकच प्ले, दोन प्रोग्राम : आर्डर आणि हायड्रोजन जोडण्याची कृती

लिनक्सवर घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर आर्डर आणि हायड्रोजन ही सोयीची जोडी आहे. गळा, पेटी, गिटार आर्डरमध्ये आणि ठेका हायड्रोजनमध्ये. पण नुसते दोन्ही उघडून ठेवले तर एकाला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. आर्डरमध्ये प्ले दाबलं की हायड्रोजन ढिम्म, आणि हायड्रोजनचा आवाज आर्डरच्या मिक्सरपर्यंत पोचतच नाही. विंडोज आणि मॅकवर हे काम १९९८ मध्ये आलेलं रीवायर करत असे. त्याच्या निर्मात्यांनी २०२० अखेर ते बंद केलं. लिनक्सवर हेच काम जॅक करतो. जॅक सुरू करणाऱ्या पॉल डेव्हिस यांनीच आर्डरही लिहिलं आहे, त्यामुळे या दोघांचं छान जमतं.

जोडणीत दोन वेगळी कामं आहेत : दोघांची चाल एक करणं आणि आवाजाच्या तारा ओढणं. ती एकामागून एक करा आणि प्रत्येक वेळी तपासा. दोन्ही एकदम करायला गेलात तर नेमकं कुठे बिनसलं ते कळत नाही.

आधी जॅक. तुमचं खातं ‘ऑडिओ’ गटात घाला, लॉग आउट करून परत या. जॅक चालवण्याचा प्रोग्राम क्यूजॅककंट्रोल उघडून सेटअपमध्ये तुमचं साउंड कार्ड निवडा. सॅम्पल रेट ४८०००, फ्रेम्स २५६, पीरियड्स यूएसबी कार्डासाठी ३. गणित सोपं आहे : २५६ गुणिले ३ म्हणजे ७६८ फ्रेम्स, ४८००० ने भागल्यावर १६ मिलिसेकंद. हेडफोन लावून गाताना एवढा उशीर कानाला खटकला तर फ्रेम्स १२८ करा, उशीर निम्मा होईल. मात्र एक्सरनचा (म्हणजे आवाज वेळेत न पोचल्याचा) आकडा वाढू लागला, आवाजात कटकट आली, तर मुकाट्याने २५६ वर या. आर्डरचं सेशन आधीच ४४१०० वर केलेलं असेल तर जॅकही ४४१०० वरच चालवा. लिनक्स नवं असेल आणि त्यात पाइपवायर या ध्वनियंत्रणेची जॅक-सोय बसवलेली असेल, तर जॅक वेगळा सुरू करावा लागत नाही.

आता हायड्रोजन उघडा. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ ड्रायव्हर म्हणून जॅक निवडा, मग मुख्य खिडकीतलं ‘जे. ट्रान्स’ बटण दाबा. जॅक ड्रायव्हर चालू नसेल तर हे बटण कामाला येत नाही. ‘पॅटर्न’ऐवजी ‘साँग’ मोड लावायला विसरू नका; नाहीतर गाणं अंतऱ्यावर गेलं तरी हायड्रोजन तोच एक पॅटर्न घोळवत बसेल.

त्यानंतर आर्डर. ऑडिओ/मिडी सेटअपमध्ये जॅक निवडा. अल्सा निवडलंत तर पुढचं काहीच होणार नाही. प्लेच्या ओळीतलं ‘इंट.’ हे बटण दाबलं की तिथे ‘जॅक’ दिसेल. सेशन प्रॉपर्टीजमध्ये आर्डरला जॅकचा टाइम मास्टर करा, म्हणजे लय आर्डर ठरवेल आणि हायड्रोजन पाळेल. आर्डरमध्ये टेम्पो ९० वरून ११० करा आणि प्ले दाबा. हायड्रोजनचा आकडाही ११० झाला आणि पट्टी सोबत सरकू लागली, की पहिलं काम झालं.

आता तारा. आर्डरमध्ये ‘ठेका’ नावाचा स्टिरिओ ट्रॅक घ्या. क्यूजॅककंट्रोलच्या ग्राफमध्ये हायड्रोजनचे डावे-उजवे आउट त्या ट्रॅकच्या दोन इनना जोडा. बहुतेक जण अडतात ते याच्या पुढे. हायड्रोजन सुरू होतानाच स्वतःला थेट स्पीकरला जोडून घेतो. ती तार तशीच राहिली तर ठेका दोन वाटांनी येतो : आवाज मोठा होतो, कधी पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो, आणि आर्डरमधला फेडर खाली ओढला तरी ठेका थांबत नाही. म्हणून हायड्रोजन ते स्पीकर ही तार तोडा. फेडर अगदी तळाला नेऊन पाहा. पूर्ण शांतता हवी.

प्रत्येक वाद्य वेगळं मिक्स करायचं असेल तर हायड्रोजनमध्ये ट्रॅक आउटपुट चालू करा आणि हव्या त्या वाद्याची तार वेगळ्या ट्रॅकला द्या. तेव्हा मुख्य आउटची तार काढायची, नाहीतर पुन्हा तोच दुहेरी आवाज. तबल्याचे स्वतः रेकॉर्ड केलेले बोल किटमध्ये भरून केरवा वाजवता येतो, पण डग्ग्यावरचा घिस्सा सॅम्पलमध्ये काही केल्या जिवंत वाटत नाही. तेवढा माणसाकडूनच वाजवून घ्यावा.

ठेका पक्का झाला की ट्रॅक आर्म करून तो आर्डरमध्ये रेकॉर्ड करून घ्या. मिक्स करताना मग हायड्रोजनची गरज उरत नाही. तोवर दर वेळी जॅक, हायड्रोजन, आर्डर याच क्रमाने उघडा. आर्डर स्वतःच्या तारा लक्षात ठेवतो, पण समोरचा प्रोग्राम आधीच चालू असेल तरच त्या परत जुळतात. हायड्रोजनची स्पीकरकडे जाणारी तार मात्र प्रत्येक वेळी हातानेच तोडावी लागते, जोवर तुम्ही हायड्रोजनच्या प्रेफरन्सेसमधलं आपोआप जोडणं बंद करत नाही.