घरगुती फाइल-सर्व्हर आणि मराठी फाइलनावे

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. नोकरी, वकिली, शिक्षण अशा कारणांनी राजधानीत येऊन राहिलेल्या मराठी घरांत त्यामुळे कागद पुष्कळ: पत्रे, हिशेब, मोडीतील दस्त. अलीकडे त्यांची छायाचित्रे निघाली खरी, पण काही मुलाच्या लॅपटॉपवर, काही सुनेच्या मोबाईलवर, अशी ती विखुरली. माझ्याकडे हैदराबादी मराठीतील शब्दांची टिपणे आणि वृद्ध भाषकांची ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांतले कित्येक जण आता हयात नाहीत. हे सारे एका जागी राहावे आणि घरातल्या कोणत्याही यंत्रावरून उघडावे, म्हणून मी घरीच फाइल-सर्व्हर उभारला.

सामग्री थोडी लागते. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक केंब्रिजमधल्या मंडळींनी २०१२ साली बाजारात आणला, तो शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून. त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून यूएसबी आणि नेटवर्क दोन्ही वेगवान झाल्याने तो या कामाला पुरतो, आणि दिवसरात्र चालू ठेवला तरी एखाद्या लहान एलईडी दिव्याइतकीच वीज खातो. मेमरी कार्डावर लिनक्स प्रणाली घालावी, केबलने तो राउटरला जोडावा, फाइलींसाठी बाहेरची हार्डडिस्क लावावी. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, म्हणजे रोज शोधाशोध नको.

यानंतर सांबा हा मोफत प्रोग्रॅम बसवायचा. विंडोज यंत्रे आपसांत फाइली देताघेताना जी बोली वापरतात ती लिनक्सला बोलता यावी, हे त्याचे काम. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास तो लिहायला घेतला. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द त्यांनी शब्दयादीत शोधला आणि ‘सांबा’ हाती लागला. कोशाचा असाही उपयोग! सांबाच्या नियमांची एक साधी मजकूर-फाइल असते. कोणता फोल्डर खुला करायचा, कोण लिहू शकेल, कोण फक्त वाचेल, हे तीत चार-पाच ओळींत सांगता येते. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डाहून वेगळा द्यावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. मूळ ध्वनिमुद्रणांचा फोल्डर मी सर्वांसाठी केवळ वाचनाचा ठेवला आहे.

इथवरची माहिती कुठेही मिळेल. मराठी माणसाची खरी अडचण पुढे आहे, ती फाइलींच्या नावांत.

‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून येतो. ‘र’ आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांनीही येतो. आणि काही जुन्या कळफलकांवर ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही उमटतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच. लिनक्सला मात्र हे तीन निरनिराळे शब्द आहेत, कारण ते नावातल्या चिन्हांची शब्दशः तुलना करते. एका फोल्डरात ‘वऱ्हाड’ नावाच्या तीन फाइली सुखाने नांदू शकतात आणि शोध घेताना त्यांतली एकच सापडते. मॅकच्या जुन्या डिस्क-रचनेत तर नावे तुकड्यांच्या रूपातच साठवली जात. तिथून आलेली नावे एकदा तपासून घ्यावीत.

दुसरी गोष्ट विसर्गाची. ‘स्वतः’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टंकित करण्याची सवय आपल्यात मुरलेली आहे. छापील पानावर ती खपून जाते. विंडोज मात्र नावात कोलन चालवून घेत नाही. लिनक्सवर तसे नाव दिलेच, तर विंडोजवरून बघताना सांबा त्याजागी रोमन अक्षरांचे आखूड, अनोळखी नाव दाखवतो. शुद्धलेखनाचा इतका रोखठोक परीक्षक मी शाळेतही पाहिला नाही.

नावाच्या लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सवर नेहमीच्या डिस्क-रचनेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि वेलांटी: बारा बाइट. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हे, काना-मात्रेसह. विंडोजवर निर्धास्त ठेवलेली लेखाची लांबलचक शीर्षके सर्व्हरवर यामुळे नाकारली जातात. नाव मराठीतच असावे, पण आटोपशीर. आणि आकडे एकाच लिपीतले.

फाइलींच्या आतला मजकूर हा निराळा विषय आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकित झालेले लेखन सर्व्हरवर सुरक्षित राहते, पण तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निव्वळ रोमन चिन्हांची जंत्री दिसते. ते युनिकोडमध्ये बदलून दोन्ही प्रती ठेवाव्यात.

सर्व्हर म्हणजे राखीव प्रत नव्हे. हैदराबादने सप्टेंबर १९०८ चा मुसीचा पूर पाहिला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्यांत शिरलेले पाणीही. घरातल्या दोन डिस्का एकाच वेळी भिजतात. म्हणून मी दर महिन्याला दुसऱ्या डिस्कवर नक्कल करतो आणि ती डिस्क नांदेडला धाकट्या भावाकडे असते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती तिची अदलाबदल होते. वीज अचानक गेली तर लिहिणे अर्धवट राहून डिस्क बिघडू शकते, त्यासाठी लहान यूपीएस जोडला आहे. पासवर्ड, राउटरमधला पत्ता आणि बंद करण्याची रीत एका कागदावर लिहून तो कपाटात, दस्तांच्याच पिशवीत ठेवला आहे.